पाटी नसलेली कलमं



साधक बंधू-भगिनींनो, यंदा गुरुपौर्णिमेला प्रसादासोबत प्रत्येक कुटुंबाला एक फळझाड द्यायचं हैदराबादच्या मंडळानं ठरवलं, हे मागच्या अंकात वाचलंच असेल. ती रोपं आणायला आम्ही सहा जण कडियमला जाऊन आलो. खर्चाचा हिशोब वेगळा पाठवला आहे, तो इथे नाही. तिथे एक प्रश्न निघाला. येताना गाडीत त्यावर बराच वाद झाला, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. तो सगळ्यांपुढे ठेवावा म्हणून हे लिहिणं. थोडं लांबलं आहे, सवडीनं वाचा. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवलंत तर फारच बरं.

ज्यांना कडियम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गाव राजमहेंद्रीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर. रात्री गौतमी एक्स्प्रेस धरली की पहाटे गाडी गोदावरीच्या पुलावर येते. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा पूल, संपता संपत नाही. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर जी धार आपण ओंजळीत घेतो, तीच ही, यावर विश्वास बसत नाही. नाशिक, पैठण, नांदेड करत आलेली गोदामाई इथून पुढे धवळेश्वरमला फाटे घेते आणि समुद्राकडे जाते. तिथलं पहिलं धरण सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं १८४७ ते १८५२ या काळात बांधलं. त्या भागात आजही त्यांचे पुतळे आहेत, लोक हारही घालतात. त्यातून निघालेले कालवे आणि नदीनं आणून टाकलेली गाळाची माती, या दोन गोष्टींवर कडियम आणि कडियपुलंका इथल्या शेकडो नर्सऱ्या उभ्या आहेत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती रोपं. ट्रक भरभरून देशभर जातात. आपल्या कॉलनीतल्या नर्सरीवाल्याकडचं जास्वंद बहुतेक वेळा इथूनच आलेलं असतं.

आम्ही गेलो ती नर्सरी एका कुटुंबाची. घाऊकच विकतात, एक-दोन रोपं घ्यायला आलेल्याला शेजारी पाठवतात. दोघं भाऊ, त्यांची आई, थोरल्याची सून. पंधरा-वीस बायका कामाला. आई सत्तरीच्या पुढच्या. सगळे त्यांना अम्माच म्हणतात, आम्हीही अम्मा म्हटलं. सून फोनवर ऑर्डरी घेते, कॉम्प्युटरवर बिलं करते आणि मधेच उठून कलमांवर पाणी मारून येते.

आंब्याचं कलम कसं बांधतात ते आमच्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदाच बघितलं, म्हणून सांगतो. पुढचा प्रश्न त्याशिवाय कळायचा नाही.

आंब्याचा हंगाम संपता संपता बाजारातून, रसाच्या कारखान्यांतून कोयी जमवतात. कोय फार दिवस टिकत नाही. महिना-सव्वा महिना गेला की रुजण्याची ताकद जाते, म्हणून लगबगीनं पेरतात. त्यातून उगवलेलं रोप म्हणजे खुंट. तो कुठल्या आंब्याचा आहे हे कोणी विचारत नाही. मग चांगल्या, फळ देणाऱ्या झाडाची वीतभर काडी घेतात. त्या झाडाला मातृवृक्ष म्हणतात. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटतात, म्हणजे डोळे फुगतात. खुंटाचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं, वरून पिशवीची टोपी घालायची. एक बाई हे सगळं बोलत बोलत करत होती, हाताकडे न बघता. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. तेलुगूत कलमाला 'अंटु' म्हणतात, म्हणजे चिकटवलेलं. आपल्या मराठीत कलम म्हणजे लेखणीसुद्धा. बोरूचं टोक आणि काडीचं टोक सारखंच तासतात, त्यामुळे असेल.

यातली मुख्य गोष्ट अशी की कलमाला कोणता आंबा लागणार हे त्या वरच्या काडीवर ठरतं. बेनिशानची काडी लावली तर बेनिशान, सुवर्णरेखाची लावली तर सुवर्णरेखा. पण हातभर रोपाकडे बघून सामान्य माणसाला काहीच कळत नाही. पान चोळून वासावरून जात सांगणारे जाणकार असतात, नाही असं नाही. पण तुमच्या-आमच्यासाठी सगळी कलमं सारखीच. कळणार कधी? फळ लागेल तेव्हा. म्हणजे तीन-चार वर्षांनी, कधी पाच. तोवर तुमच्याकडे असतो तो फक्त एक प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर मार्करनं लिहिलेलं नाव. नर्सरीवाले त्याला टॅग म्हणतात. आम्ही पाटी म्हणतो.

आमची तीनशे रोपं ठरली होती. पेरू, सीताफळ, लिंबू, कढीपत्ता मिळून दोनशे, आणि शंभर आंबे, सगळे बेनिशान. आपण ज्याला बनगनपल्ली म्हणतो तोच. हैदराबादच्या घरांत तो नको असं म्हणणारं कोणी भेटणार नाही. धाकट्या भावानं साठ काढून दिले आणि म्हणाला, बाकीचे चाळीस पंधरा दिवसांनी पाठवतो. पण समोरच, शेडनेटच्या कडेला, तेवढीच छान, उलट जरा उंचच, चांगली हिरवीगार कलमं ओळीनं उभी होती. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, ही का नाही?

तो म्हणाला, गेल्या पावसाळ्यात कालव्याचं पाणी आत शिरलं होतं. पिशव्या आडव्या झाल्या, पाट्या वाहून गेल्या. उचलून सरळ केल्या तेव्हा दोन-तीन ओळींची सरमिसळ झालेली होती. 'बेनिशानच असतील बहुतेक. पण सांगता येत नाही.' हवी असतील तर निम्म्या भावात देतो, पण पाटी लावून देणार नाही.

इथून वाद सुरू झाला.

काकांचं म्हणणं अगदी व्यवहाराचं होतं. गुरुपौर्णिमा पंधरा दिवसांवर आहे, नंतर ट्रकचं भाडं वेगळं पडेल. झाड प्रसाद म्हणून द्यायचं आहे. प्रसादाच्या पेढ्याला कुठल्या दुकानाचा विचारतं का कोणी? आंबा तर येणारच आहे. 'बहुतेक' बेनिशान आहे म्हणतोय ना, मग आपण बेनिशान म्हणून देऊ. नसला तरी सावली मिळेल. आणि खरं सांगायचं तर, काका हसून म्हणाले, पाच वर्षांनी कोण कोणाला विचारायला येतंय!

हसलो सगळे. पण काकांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. इथे खोटं बोललेलं कळणार नाही, किंवा इतक्या उशिरा कळेल की तोवर कोण काय बोललं हे कोणाच्या लक्षातही नसेल. तरीही खरं का बोलायचं? रोजच्या जगण्यात आपण खरं बोलतो त्यात पकडले जाण्याच्या भीतीचा वाटा किती, हे कधी मोजलेलं नसतं. भीती काढून टाकली तर मागे काय उरतं ते बघायला कडियमसारखी जागा नाही.

आम्ही धाकट्या भावालाच विचारलं. अहो, दुसरा कोणी असता तर पाटी लावून विकून मोकळा झाला असता, तुम्ही का नाही? आम्हाला वाटलं तो देवाधर्माचं काही सांगेल. नाही. तो म्हणाला, मी पाच वर्षांनी इथेच, याच रस्त्यावर असणार आहे. गिऱ्हाईक परत येतं.

उत्तर प्रामाणिक होतं, पण आमच्यातल्या एका वहिनींना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, मग ही सचोटी कसली, हा तर धंद्याचा हिशोब झाला. जो ट्रक एकदाच लांबच्या राज्यात जाणार आहे, ज्याचा मालक पुन्हा येणार नाही, त्याला काय देता? तेलुगूतच विचारलं त्यांनी, चांगलं ठणकावून. तो जरा गप्प झाला. राग आला की काय असं आम्हाला वाटलं.

उत्तर दिलं ते थोरल्या भावानं. तो आतून एक वही घेऊन आला. साधी लांब वही, किराणा दुकानात उधारीची असते तसली. प्रत्येक पानावर तारीख, किती काड्या घेतल्या, कोणाच्या बागेतल्या कुठल्या झाडाच्या, कोणी बांधल्या, किती जगल्या. वडिलांच्या वेळच्या वह्या घरात माळ्यावर आहेत म्हणाला. आम्ही विचारलं, ही वही बघायला कोण मागतं? फळझाडांच्या नर्सऱ्यांना कायदे आहेतच, महाराष्ट्रात तर १९६९ पासूनचा आहे, तेव्हा तपासणीला साहेब येत असतील असं वाटलं. तो म्हणाला, साहेबांची वही वेगळी. ही कोणीच मागत नाही. ही आमच्यासाठी आहे.

मग त्यानं जे सांगितलं ते आमच्या शब्दांत असं. आज विकलेल्या कलमांतली काही ते स्वतःच कडेच्या बागेत लावतात. चार-सहा वर्षांनी त्याच झाडांच्या काड्या घेऊन पुढची कलमं बांधतात. शेजारच्या नर्सऱ्याही त्यांच्याकडून काड्या नेतात. समजा एका ओळीवर खोटी पाटी लागली. एका झाडावरून हंगामाला शेकडो काड्या निघतात. त्या शेकडो कलमांवर तीच खोटी पाटी जाणार, आणि यावेळी ती लावणारा माणूस खोटं बोलत नसेल. त्याला ते खरंच वाटत असेल. मग त्यांच्या काड्या. दहा वर्षांनी आमचा बेनिशान कुठला आणि तो कुठला हे आम्हालाच कळणार नाही. गिऱ्हाईक फसेल तेव्हा फसेल. आधी आम्ही फसू.

अम्मा बाजूला बसून पट्ट्या कापत होत्या. त्यांचं लक्ष आहे असं वाटलं नव्हतं. त्या मधेच मुलाला म्हणाल्या, नुसतं आपलं काय सांगतोस, घेणाऱ्याच्या अंगणात एकच खड्डा असतो ते सांग. एवढं बोलून पुन्हा पट्ट्या.

परतीच्या गाडीत दोघांच्या बोलण्यावर आम्ही बोलत राहिलो. अम्मांचं बोलणं आम्हाला जास्त खोल वाटलं. आपल्यापैकी कितीतरी घरांत अंगण म्हणजे दहा बाय दहाची जागा. तिथे झाड एकच लागणार. घरातले आजोबा ते लावणार, नातू पाणी घालणार, पाच वर्षं वाट बघणार. आणि फळ निघालं भलतंच. रोपाचे पैसे परत देता येतात. दुसरं रोपही देता येतं. त्या पाच वर्षांचं काय करणार? आजोबांकडे आणखी पाच आहेत का? खोट्या पाटीमुळे माणसाचं काय जातं, तर निवड जाते. बेनिशान नसेल तर मी तिथे चिकू लावला असता, हे म्हणायचा त्याचा हक्क आपण त्याला न विचारता वापरून टाकलेला असतो. फळ गोड निघालं तरीसुद्धा. काकांचा 'आंबा तर येणारच आहे' हा मुद्दा इथे तोकडा पडतो असं आम्हाला वाटतं, काकांना अजून वाटत नाही.

आता वहीचं. हे लिहायला घेतलं त्याचं कारण खरं म्हणजे ती वही.

आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार येतात. खाली महाराजांचं नाव, वर फोटो, मागे उगवता सूर्य. त्यातले काही शब्द महाराजांचे आहेत, प्रवचनाला बसलेल्या मंडळींनी स्वतः ऐकलेले. पण काही असे येतात की जुनी मंडळी एकमेकांना फोन करतात, अरे हे कधी म्हणाले महाराज? त्यातले काही दुसऱ्या संतांच्या नावानं, काही कुठल्याशा उद्योगपतीच्या नावानं दुसऱ्या ग्रुपवर फिरताना आम्ही पाहिले आहेत. तेच वाक्य, तोच सूर्य, फोटो तेवढा वेगळा. कोणी मुद्दाम करतं असं मुळीच नाही. पहिल्यानं कोणी तरी 'बहुतेक महाराजांचंच असेल' म्हणून नाव घातलं असेल. पुढच्या शंभर जणांनी श्रद्धेनं पाठवलं. थोरला भाऊ म्हणत होता ना, दुसऱ्या वेळी पाटी लावणारा खोटं बोलत नसतो. तसंच. चूक श्रद्धेच्या हातात गेली की ती शोधणं सगळ्यात अवघड होतं, कारण शंका घेणाराच वाईट दिसतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे, आणि ते हलकं नाही. वाक्य चांगलं आहे ना? वाचून कोणाचा राग शांत झाला, कोणी आईला फोन केला, तर बिघडलं कुठे? खाली नाव कोणाचं का असेना.

आम्हाला हे अर्धं पटतं. वाक्याचा चांगुलपणा नावावर अवलंबून नसतो, बरोबर. मग नाव घालायचंच कशाला? घालतात, कारण नावाला वजन आहे. तेच वाक्य बिननावाचं आलं तर आपण अंगठ्यानं वर सरकवतो. महाराजांचं म्हटलं की थांबतो, त्याप्रमाणे वागायला बघतो, मुलाचं लग्न कधी करावं इथपर्यंत त्यावरून ठरवतो. ते वजन महाराजांनी आयुष्यभर जगून कमावलेलं आहे. ते आपण त्यांच्या परवानगीशिवाय भलत्याच वाक्याला उसनं देतो. घेणाऱ्याच्या अंगणात एकच खड्डा असतो, हे इथेही लागू आहे.

ही काही आजची फोनमुळे आलेली अडचण नाही. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात होती, आणि उतरवणाऱ्यांनी मधे मधे आपलं काही घातलं होतं. भक्तीनंच घातलं असणार, ज्ञानेश्वरीत भर घालणारा नास्तिक थोडाच असेल! पैठणला, याच गोदावरीच्या काठी, एकनाथ महाराजांनी मिळतील त्या प्रती जमवून पाठ ताडून बघितले आणि शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. शेवटी पुढच्यांना बजावून ठेवलं की आता यात कोणी आपली ओवी घालू नये. आणि हे करणारा माणूस स्वतः मोठा कवी. स्वतःच्या शेकडो सुंदर ओव्या त्यात सहज मिसळता आल्या असत्या, कोणाला कळलंही नसतं. त्यांनी भागवत वेगळं लिहिलं, आपल्या नावानं. तुकोबांच्या गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत अभंगांची संख्या आजही सारखी नाही, अभ्यासक त्यावर वर्षानुवर्षं काम करतात. हे काम कोरडं आहे, पंडितांचं आहे, त्यात भाव नाही असं आपल्यात कोणी कोणी म्हणतं. आम्हाला तसं वाटत नाही. नाथांनी केलं ते वही ठेवण्याचंच काम होतं.

आता अवघड भाग. येताना गाडीत इथेच आमचं अडलं.

आपल्या परिवारात एक आजी आहेत. नाव सांगत नाही. यजमान गेले तेव्हा कोणी तरी त्यांना महाराजांच्या नावाचं एक वाक्य लिहून दिलं होतं. ते त्यांनी देवघरात चिकटवलं आहे. त्या वाक्यावर त्यांनी ती वर्षं काढली, त्या स्वतःच सांगतात. ते वाक्य महाराजांचं नाही हे जुन्या मंडळींना जवळजवळ नक्की ठाऊक आहे. आजींना सांगायचं का?

आमच्यातला तरुण मुलगा म्हणाला, सांगायलाच हवं. आपण आत्ताच म्हणालो की निवड हिरावून घेणं वाईट. मग सत्तरीच्या बाईला लहान मूल समजून तिच्यापासून लपवायचं हे कुठलं प्रेम? वहिनी म्हणाल्या, कलम लावताना सांगणं वेगळं आणि फळ देणारं झाड उपटणं वेगळं. त्यांना सावली मिळाली आहे, ती कोणाच्या का झाडाची असेना. मुलगा म्हणाला, मग आधी काका म्हणाले तेच झालं की. वहिनींना ते उत्तर झोंबलं, वारंगळ येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

आम्हाला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण सहा जणांनी मिळून लिहायचं म्हणजे कुठे तरी उभं राहावं लागतं. आम्ही असं ठरवलं. आजींच्या घरी जाऊन ते वाक्य काढायला आम्ही जाणार नाही. सत्य सांगण्याची जी हौस दुसऱ्याच्या आधारावर पाय देऊन उभी राहते, तिच्यात सत्यापेक्षा हौस जास्त असते असं आमचं मत झालं. पण त्यांनी स्वतः विचारलं, हे महाराज कुठे म्हणाले होते हो, तर 'हो हो, म्हणाले होते' असं म्हणणार नाही. माहीत नाही, ऐकलेलं कोणी भेटलं नाही, एवढंच सांगू. आणि ते वाक्य या अंकात महाराजांच्या नावानं छापलं जाणार नाही. त्यांच्या घरातून दुसऱ्या काड्या निघू नयेत एवढी काळजी आपली. तरुण मुलाला हे पळवाट वाटते. त्याचं म्हणणं पुढच्या अंकात त्यानंच लिहावं, जागा ठेवली आहे.

खुंटाबद्दल एक सांगायचं राहिलं. सगळं नाव वरच्या काडीचं, पण मातीतून पाणी आणतो तो खालचा खुंट, त्याची पाटी कोणीच लावत नाही. आपण हैदराबादची मराठी माणसं या मातीवर किती पिढ्या बांधलेली कलमं आहोत, १९५६ ला मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इथे राहिलो, तेव्हा खालून पाणी कोणी दिलं, यावर कधी तरी वेगळं लिहू. इथे घुसडलं तर लेख आवरायचा नाही.

तर त्या चाळीस कलमांचं काय केलं? घेतली. पण वेगळी बांधून आणली, आणि प्रत्येकावर घरी पाटी करून लावली, 'आंबा कलम, जात माहीत नाही'. साठ बेनिशान वेगळे. ज्याला जे हवं त्यानं ते सांगून न्यावं असं ग्रुपवर कळवलं. आम्हाला वाटलं ही चाळीस पडून राहणार. काका तर म्हणाले, असं लिहून कोणी प्रसाद देतं का, शोभत नाही. चार दिवसांत एकतीस नावं आली. काचीगुड्याच्या एका काकूंनी कळवलं, बेनिशान बाजारात मिळतोच, हे काय निघतं ते बघायचं आहे. त्यांचंही खरंच आहे. आज ज्यांना आपण नावाजलेल्या जाती म्हणतो, त्यातल्या कितीतरी कधी काळी अशाच कुठल्या तरी कोयीतून उगवलेल्या रायवळ झाडाच्या होत्या. कोणाला तरी फळ आवडलं, त्यानं काडी घेतली. बिननावाचं असणं हा दोष नाही. रायवळाला रायवळ म्हणून लावायला कोणाची हरकत आहे?

ज्यांना कलमं मिळतील त्यांच्यासाठी तीन सूचना, अम्मांनी बजावून सांगितलेल्या. पिशवी फाडून काढायची, पिशवीसकट लावायचं नाही. लोक लावतात, आणि मुळं आत गोल गोल फिरून झाड खुरटतं. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर ती सोडायची, नाही तर खोड आवळलं जातं. आणि जोडाच्या खालून फुटवे आले तर ते हातानं मोडायचे. ते खुंटाचे असतात, भराभर वाढतात, दिसायला वरच्यापेक्षा तजेलदार दिसतात, आणि लक्ष नाही दिलं तर दोन वर्षांत वरची काडी मरून जाते. घरच्यांना वाटत राहतं की आपलं कलम छान वाढलंय.

शेवटी एक विनंती. मंडळानं एक वही घातली आहे, साधीच, लांब. महाराजांचं कोणतं वाक्य कोणी, कुठे, साधारण कधी ऐकलं एवढंच त्यात लिहायचं. ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलं आहे अशी मंडळी आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. इंदूर, बडोदा, बेळगावच्या परिवारांतही असतील, त्यांच्या घरच्या मुलांनी जवळ बसून लिहून घ्यावं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असं लिहावं. जुन्या प्रवचनांच्या कॅसेट ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवावं. फीत तुटलेली असली, बुरशी आलेली असली, वाजत नसली तरी चालेल. दिवाळीच्या साफसफाईत फेकू मात्र नका.